पुडी आणि पट्टी

(सिद्धेश्वर येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





मेळाव्यात शिक्षकाने बोलायचे म्हणजे विषय ठरलेले असतात. शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, वेळेचा सदुपयोग. यंदा चिटणीस साहेबांनी मला विषय विचारला, तेव्हा मी "ताप" असे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "सर, हे डॉक्टरचे काम. तुम्ही तर मराठीचे शिक्षक." त्यांचे म्हणणे खरे आहे. मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. पण हा विषय मी का निवडला, हे ऐकल्यावर तो शिक्षणाचाच विषय आहे असे आपल्यालाही वाटेल, अशी मला आशा आहे.

सन २००६ चा पावसाळा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या वर्षी चिकुनगुनियाची साथ आली. घरात एक माणूस उठला की दुसरा अंथरूण धरी. चांगले धडधाकट गडी भिंतीला धरून चालू लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांवर बर्ड फ्लू आला होता, म्हणून आमच्याकडे काही मंडळींनी 'चिकन'गुनिया असा अर्थ लावून कोंबडी खाणे सोडले. कोंबडीचा आणि या रोगाचा काहीही संबंध नाही. हा शब्द आफ्रिकेतील टांझानिया भागातील माकोंडे लोकांच्या भाषेतला आहे. त्याचा अर्थ साधारणपणे 'वाकवून टाकणारा' असा होतो. सन १९५२ मध्ये तिकडे हा रोग प्रथम ओळखला गेला. आपल्या महाराष्ट्रात १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली होती. त्यानंतर ३२ वर्षे तो देशात जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला. २००६ या एका वर्षात देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली.

त्या रुग्णांत माझे अब्बाही होते. ताप चार दिवसांत गेला, पण सांधे धरले ते सुटेनात. सकाळी मूठ वळेना, गुडघे सुजलेले. आमची जमीन थोडी, हंगाम तोंडावर. कोणीतरी सांगितले की अमुक ठिकाणी पुडी मिळते, एक घेतली की माणूस उठून चालतो. ते ठिकाण आणि ती व्यक्ती यांचे नाव मी सांगणार नाही. त्याचा आज काही उपयोगही नाही. कागदाच्या पुडीत चार गोळ्या असत, दोन पांढऱ्या, एक पिवळी आणि एक अगदी बारीक. अब्बांनी एक पुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखरच शेतात गेले. घरात आनंद झाला. मी तेव्हा दहावीत होतो. दर आठवड्याला सायकलवर जाऊन पुड्या आणण्याचे काम माझ्याकडे आले.

हे एक वर्ष चालले. अब्बांचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. शेजारी म्हणत, "तब्येत सुधारली बरं का चाचांची!" आम्हालाही तसेच वाटे. २००७ च्या रमजानमध्ये ते रोजे धरत होते आणि इफ्तारला खजूर खाऊन लगेच, रिकाम्या पोटी, पुडी घेत होते. विसाव्या रोजाच्या सुमारास त्यांना डांबरासारखी काळी शौचास झाली आणि ते अंगणातच कोसळले. जीप करून नांदेडला नेले. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्तस्राव झाला होता. रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या.

तिथल्या डॉक्टरांनी मला विचारले, "शिकतोस ना? मग गोळ्यांची पट्टी दाखव."

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, पट्टी नाही. पुडी होती."

ते म्हणाले, "पुडीवर काय लिहिलं होतं?"

पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते. मित्रहो, आमच्या घरात चांगले वाचता येणारा मी एकटा होतो. वर्षभर मी वाचण्यासारखे काहीच नसलेली वस्तू घरी आणत राहिलो आणि त्यात काय आहे, हे मी एकदाही विचारले नाही.

डॉक्टरांनी लक्षणांवरून अंदाज केला की त्या पुडीत तीव्र वेदनाशामक आणि जोडीला स्टेरॉइड असावे. ही दोन्ही एकत्र, दीर्घकाळ आणि रिकाम्या पोटी घेतली तर जठराला जखम होण्याचा धोका फार वाढतो. चेहऱ्याचा तो गोलवाही तब्येत सुधारल्याचा नव्हता. स्टेरॉइडने आलेली ती सूज होती. अब्बा वाचले, अल्लाहचे उपकार. पण रक्तदाब आणि साखर त्यांच्या मागे लागली, मूत्रपिंडे अशक्त झाली आणि नांगराला त्यांचा हात पुन्हा लागला नाही. उपचारासाठी म्हैस विकली. माझी धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. घर सांभाळायला तिला थांबवले. तिची शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून मी म्हणतो की हा विषय शिक्षणाचा आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. ताप म्हणजे काय? आपल्या मेंदूच्या तळाशी उष्णतेचे नियमन करणारे एक केंद्र आहे. शरीरात जंतू शिरले की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार करते आणि ते केंद्र उष्णतेची पातळी वर नेते. म्हणजे ताप हा स्वतः शत्रू नव्हे. शत्रू आल्याची ती दवंडी आहे. सूज, लाली आणि ठणका हेही शरीराच्या लढाईचेच भाग आहेत. तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या हे पदार्थ कमी करतात. ॲस्पिरिनसारख्या औषधांचे हे कार्य इंग्लंडचे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. हेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतील अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी गुडघ्याचे दुखणे थांबते, पण त्याच वेळी पोटाचे कुंपणही मोडते. माझ्या अब्बांचे तेच झाले.

काखेत किंवा तोंडात थर्मामीटर लावून १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक भरले तर ताप समजावा. कपाळाला हात लावून अंदाज करू नये. साधा डिजिटल थर्मामीटर प्रत्येक घरात असावा. तो मोबाईलच्या एका रिचार्जपेक्षा महाग नाही.

घरगुती वापरासाठी तापाचे सर्वांत सुरक्षित औषध म्हणजे पॅरासिटामॉल. पण सुरक्षित म्हणजे कितीही घ्यावे असे नव्हे. मुलांना त्याचे प्रमाण वयावर नसून वजनावर असते. दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर आणि २४ तासांत ४ मात्रांपेक्षा अधिक नाही. आता येथे आपल्या माता-भगिनींची फार मोठी फसगत होते. पॅरासिटामॉलचे पातळ औषध तीन तीव्रतांत मिळते. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते, दुसरीत ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचे असेल तर पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ मिलिलिटर आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड मिलिलिटर द्यावे लागेल. कोणी थेंबांचे औषध चमच्याने ५ मिलिलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे तिपटीहून अधिक! बाटली लहान म्हणून औषध सौम्य, असा समज चुकीचा आहे. औषध मोजण्यासाठी बाटलीसोबतचे माप किंवा ड्रॉपरच वापरावे. घरातले चमचे एकसारखे नसतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गणितात प्रमाण आणि त्रैराशिक शिकता आणि विचारता, "सर, याचा उपयोग काय?" त्याचा उपयोग हा असा आहे.

मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी ४ ते ६ तासांनी घेता येते. दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे अशा ८ गोळ्या, असली तरी अशक्त, वृद्ध किंवा यकृताचा विकार असलेल्या माणसाने बरेच खाली राहावे. मी सातवीच्या वर्गाला एकदा सांगितले की घरातील औषधांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन या. एका मुलीने तीन आणल्या. एकीवर क्रोसिन, दुसरीवर डोलो आणि तिसरीवर सर्दीच्या गोळीचे नाव. तिच्या आजीला तापात तिन्ही दिल्या जात होत्या. आम्ही बारीक अक्षरे वाचली, तर तिन्हींत पॅरासिटामॉलच! नावे तीन, औषध एक. आजींना नकळत तिप्पट मात्रा जात होती. मात्रा फार झाली तर पॅरासिटामॉल यकृताला इजा करते आणि पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. त्यावर उतारा आहे, पण तो ८ तासांच्या आत मिळाला तरच उत्तम काम करतो. म्हणून मात्रा जास्त गेल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता काही औषधे अशी आहेत की ती तापात आपल्या मनाने देऊच नयेत. ॲस्पिरिन १६ वर्षांखालील मुलांना तापात देऊ नये. त्याने क्वचित प्रसंगी मेंदू व यकृताला सूज आणणारा रेय नावाचा घातक विकार होतो. निमेसुलाइड हे औषध आपल्या सरकारने २०११ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी बंद केले. तरीही जुन्या सवयीने कोणी मागतात. आयबुप्रोफेन हे चांगले औषध आहे, पण सहा महिन्यांखालील बाळाला, जुलाब-उलट्यांनी कोरडे पडलेल्या मुलाला, अल्सर वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला आणि गरोदर भगिनीला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. कॉम्बिफ्लामसारख्या गोळीत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, हेही ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आलेला ताप डेंग्यूचा नाही असे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नये. डेंग्यूत रक्तातील बिंबिका कमी होतात. अशा वेळी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांना हृदयविकारासाठी रोजची ॲस्पिरिन लिहून दिलेली आहे, त्यांनी ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. डेंग्यूची दुसरी गोष्ट अशी की खरा धोका बहुधा ताप उतरल्यावर, तिसऱ्या ते सातव्या दिवसांत येतो. ताप गेला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि इकडे पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे ही लक्षणे सुरू होतात. तेव्हा एक क्षणही घरी थांबू नये.

आपले गाव पूर्णेच्या काठी, धरणाच्या सावलीत आहे. लोक म्हणतात, "धरणामुळे डास झाले." मलेरियाच्या डासांबाबत त्यात थोडे तथ्य असेल. पण डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास धरणात वाढत नाही. तो आपल्या घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. रांजण, टाकी, कूलर, छपरावरचे टायर, ही त्याची घरे. तो दिवसा चावतो. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करणे हे कोणत्याही गोळीपेक्षा मोठे औषध आहे. आणि ते फुकट आहे.

आता स्टेरॉइडविषयी. ते विष नव्हे. २०२० साली कोरोनाच्या साथीत, ज्या रुग्णांना प्राणवायू लावावा लागला त्यांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे कमी झाले, असे इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. पण ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. पुढे २०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणत, तो पसरला. त्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही मोठी कारणे होती. तेच औषध जागच्या जागी जीव वाचवते आणि भलत्या जागी जीव घेते. साध्या तापात, अंगदुखीत, भूक वाढावी म्हणून किंवा अंग भरावे म्हणून स्टेरॉइड घेऊ नये. जे पुष्कळ दिवस घेत आहेत त्यांनी ते एकदम बंदही करू नये, कारण शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे.

सलाईनची गोष्टही अशीच आहे. आपल्याकडे ताप आला की "एक सलाईन लावा, ताकद येईल" असे म्हणतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत फक्त २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे. तोंडाने पाणी घेता येत असेल तर लिंबू-साखर-मिठाचे सरबत, पेज, वरणाचे पाणी, शोरबा यांनी तेच काम होते. ज्याला तोंडाने काही टिकत नाही, त्याला मात्र सलाईन जीवनदान आहे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा जिल्हा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या शेतकरी बांधवांना अभिमानाची गोष्ट आहे. जखमेवर हळद लावण्याच्या आपल्या आजीबाईच्या ज्ञानावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआर या संस्थेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हे ज्ञान जुने आहे, हे कागदपत्रांनिशी सिद्ध करावे लागले. तेथेही उपयोगी पडला तो लिहिलेला पुरावा.

हळदीचे दूध, मुरगळलेल्या पायावर आंबेहळदीचा लेप, याने मन आणि शरीर दोन्हींना बरे वाटते. माझी दादीमा हे करी आणि आम्हीही करतो. पण हळद हे तापाचे औषध नव्हे. हळकुंडात कर्क्युमिन हा द्रव्यांश साधारण दोन ते पाच टक्केच असतो आणि तो शरीरात फारसा शोषला जात नाही. म्हणून आता बाजारात तीव्र कर्क्युमिनच्या, त्यात मिऱ्याचा अर्क घातलेल्या महागड्या कॅप्सूल आल्या आहेत. मिऱ्याने शोषण अनेक पटींनी वाढते, पण त्याबरोबर धोकाही वाढतो. इटलीमध्ये २०१९ साली अशा गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याचे अनेक रुग्ण आढळले आणि तेथील सरकारने पुढे इशारा देणे सक्तीचे केले. भाजीतली हळद निर्धास्त खावी, पण कॅप्सूलमधली हळद हे औषध समजून डॉक्टरांना विचारावे. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य खरे नाही. बिब्बाही नैसर्गिकच आहे. सांध्यावर घातला तर कातडी भाजून निघते. मेळघाटात लहान बाळांच्या फुगलेल्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा अजून पूर्ण गेलेली नाही. आपल्याकडेही कोणी डाग द्यायला सुचवले तर हात जोडून नकार द्यावा.

जीवनसत्त्वांचेही तारतम्य हवे. क जीवनसत्त्वाने ताप उतरत नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. काहीजण ती रोज घेतात. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. दुसरीकडे, ज्या पूरक औषधाने खरोखर जीव वाचतो ते आपण विसरतो. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा दिल्या तर डोळे आणि प्राण दोन्ही वाचू शकतात. पाच वर्षांखालील मुलाला जुलाबात १४ दिवस झिंक आणि ओआरएस द्यावे. ही दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

गोवरावरून आठवले. गोवर आणि देवी हे दोन वेगळे रोग आहेत, हे सुमारे अकराशे वर्षांपूर्वी हकीम अर-राझी यांनी ग्रंथ लिहून स्पष्ट केले. रोगाकडे बारकाईने पाहणे, नोंद करणे, ही आपल्या पूर्वसूरींची परंपरा आहे. आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि लस न घेतलेली मुले दगावली. त्यात आपल्या समाजाची मुले पुष्कळ होती, हे दुःखाने सांगावे लागते. ज्यांनी गोवर ओळखायला शिकवले, त्यांचे नाव सांगणाऱ्यांच्या घरात गोवराची लस राहून जावी, हे शोभत नाही.

औषध कोठून येते हेही पाहिले पाहिजे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मृत्यू पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्यानंतर ३९ वर्षांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' या सिरपमुळे २० हून अधिक लहान मुले दगावली. त्यातील कित्येकांना आपल्या नागपूरला आणले होते. दोन्ही वेळी विष एकच होते, डायएथिलीन ग्लायकॉल. त्या आईबापांची काही चूक नव्हती. पण एक धडा आपण घेऊ शकतो. लहान मुलांच्या बहुतेक सर्दी-खोकल्याला सिरपची गरजच नसते. चार वर्षांखालील मुलांना सर्दीची ठरावीक मिश्र औषधे देऊ नयेत, असे सरकारने २०२३ मध्ये बाटलीवर छापायला लावले आहे. औषध पक्क्या बिलावरच घ्यावे, म्हणजे काही झाले तर कोणती बाटली, कोणता गट, हे शोधता येते. पुडीचे बिल नसते.

तापात घरी काय करावे? अंगावर गोधड्या टाकू नयेत, सैल सुती कपडे घालावेत. कोमट पाण्याने अंग पुसावे, बर्फाच्या पाण्याने नव्हे. उपाशी ठेवू नये. आईचे दूध बंद करू नये. तापाच्या झटक्यात तोंडात चमचा घालू नये, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करावा, आणि थांबला तरी डॉक्टरांना दाखवावे.

आणि श्वास मोजावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या अशिक्षित दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि त्यातून बालमृत्यू कमी करून दाखवले. अक्षरओळख नसलेल्या भगिनी जे करू शकल्या, ते आपण का करू नये? बाळ शांत असताना एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास भरले तर तो साधा ताप नव्हे.

तीन महिन्यांखालील बाळाला ताप, मान ताठ होणे, गुंगी, लघवी बंद, अंगावर रक्ताळ ठिपके, किंवा तीन दिवसांहून अधिक टिकलेला ताप, यांपैकी काहीही असेल तर औषधाचा प्रयोग घरी करू नये. दुआ जरूर करावी, दमही करावा, पण गाडी आधी बोलवावी.

रमजान येईल तेव्हा माझ्या अब्बांची आठवण ठेवा. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा धर्मानेच दिलेली आहे. ती सवलत नाकारून उपाशी पोटी वेदनाशामक गोळी घेणे यात पुण्य नाही. आपल्या औषधांच्या वेळा डॉक्टरांना आणि आपल्या मौलाना साहेबांना, दोघांनाही विचाराव्यात.

शेवटी विद्यार्थी मित्रांना माझी एक विनंती आहे. उद्यापासून घरात येणारी प्रत्येक पट्टी तुम्ही वाचा. मोठ्या अक्षरातले कंपनीचे नाव नव्हे, त्याखालचे औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि मुदतीची तारीख वाचा. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे आई-अब्बांना सांगा. प्रतिजैविके त्यातच येतात. विषाणूच्या तापाला ती काही करत नाहीत. आणि कोणी उघडी पुडी दिली तर अदबीने म्हणा, "चाचा, याच्यावर नाव लिहून द्या."

एवढे एक वाक्य मी दहावीत असताना बोललो असतो, तर एक म्हैस वाचली असती, एका बापाचे आरोग्य वाचले असते आणि एका मुलीची शाळा सुटली नसती. आपल्या संस्थेने मुलांना वाचायला शिकवले. त्या वाचण्याचा पहिला उपयोग आपल्या घरात व्हावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.